कॅन परत

एकतीस वर्षं मी झाकणं उघडून वास घेत आलो.
(आलो म्हणतो, आले नाही. कोल्हापूरची बाई अशीच बोलते,
बाहेरून आलेल्या सुनेला उमगायला महिना जातो.)
पहाटे साडेपाच, दूध संघाचा धक्का, कॅनांची रांग,
झाकण वर, नाक खाली, एका श्वासात निकाल:
घ्या.
किंवा, कॅन परत.
शंका आली तर परीक्षानळी,
दूध गुलाबी व्हायला किती थेंब लागतात ते मोजायचं.
थेंब जास्त, तर आंबट जास्त.
आंबट म्हणजे गेलं.
माझ्या जिभेचं शिक्षण एवढंच.

आणि आज मे महिन्यातली सोळा तारीख,
राजारामपुरीतली आमची गच्ची,
दोन बादल्या पाणी मारूनही कोबा तळपायाला चावतोय.
भाची ऋजुता नाशकाहून आली, तिथं द्राक्षांच्या कारखान्यात असते,
पिशवीत साडीचा खोका, खोक्यात बाटली.
सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणली, बत्त्यानं फोडली,
बादलीत बाटली, वर ओला पंचा.
जिन्यात घोरपडेकाकूंनी विचारलंच, ताक काय?
होय, ताकच.
त्याही आल्या मग. ताकाला कोण नको म्हणतंय.

दांडी धर मावशी, ऋजुता म्हणाली,
पोटाला धरू नकोस, हाताची ऊब लागते.
मला शिकवतीस काय गं?
नळी वरच्या टोकाला धरायची असते
हे तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे मला.

ग्लासावर दव धरलेलं.
रंग म्हणाल तर गवताच्या काडीचा, तोही उरलासुरला.
सवयीनं आधी नाक खाली गेलं.
ऋजुता म्हणे, पेरू, हिरवी मिरची, चकमकीचा दगड.
मला आला तो कैरीच्या सालीचा वास,
आणि त्याच्या मागे पंचगंगेच्या घाटाची
पाण्यातून नुकतीच वर आलेली पायरी.

मग घोट.
जिभेच्या दोन्ही कडा ताठ उभ्या राहिल्या,
शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं राहायची तशा.
गालांच्या आत पाणी सुटलं, मानेवरचा घाम गार झाला.
हात आपोआप वर गेला होता,
परत म्हणायला.
आणि तिथंच थांबला.

राधानगरी रोडची सगुणा चौगले आठवली.
असाच मे, एसटी दोन तास उशिरा,
डोक्यावर चुंबळ, कमरेला कॅन,
माझ्या तोंडावर म्हणाली होती,
बाई, आंबट न्हाई ओ ते,
नुसतं जागं झालंय.
धक्क्यावरची सगळी माणसं हसली. मीही हसलो.
चिठ्ठीवर लिहिलं, परत.

दूध आंबटच होतं तिचं. थेंब मोजले होते मी.
आज आणली तरी परतच करीन.
पण शब्द बरोबर होता,
फक्त चुकीच्या कॅनवर पडला होता.
इतकी वर्षं तो धक्क्यावर उन्हात उभा होता बिचारा,
आज त्याला घरात घेतला.

यांच्या भाषेत कायसं क्रिस्प म्हणतात, ऋजुता सांगत होती,
आपल्यात काय म्हणायचं मावशी?
जागी, मी म्हणालो.
ही दारू जागी आहे.
घोरपडेकाकू म्हणाल्या, दारू? ताक म्हणालासा की!
आणि ग्लास पुढं केला.

खाली गॅसवर पांढरा रस्सा मंद ठेवलाय,
खोबऱ्याचा वास जिन्यातून वर येतोय.
पांढऱ्यावर पांढरी चालते का, ते ऋजुताला ठाऊक नाही,
तिच्या पुस्तकात रस्सा नाही.
चालेल. नाही चाललं तर तांबडा आहेच,
मग जीभ आणि बाटली काय ते आपसात बघून घेतील.

ऊन तळमजल्याच्या पत्र्यावर उतरलंय,
बाटलीत चार बोटं शिल्लक.
बर्फ किती राहिलाय बघ गं पोरी,
आणि काकूंना दांडी धरायला सांग.